पाप कुणाचं?

मसूर, १९०१

मिरजेकडे जाणारी गाडी मसूर स्टेशन सोडून पुढे गेली आहे. फलाट रिकामा होतो. एका कडेला काही मुलं तेवढी उभी आहेत. साताऱ्याहून आलेली. अंगात इंग्रजी कापडाचे नवे सदरे, डोक्यावर जरीच्या टोप्या, रेशीमकाठी धोतरं. वडील गोरेगावला दुष्काळी कामावर खजिनदार आहेत आणि मुलं त्यांच्याकडे निघाली आहेत. येत असल्याचं पत्र वडिलांच्या हाती पडलेलं नाही, म्हणून न्यायला कुणीच आलेलं नाही.

तुम्ही दहा पावलांवर उभे आहात. स्टेशनमास्तर येतात, मुलांचे कपडे पाहून आपुलकीने चौकशी करतात. मग विचारतात, तुम्ही कोण? एक मुलगा पटकन सांगून मोकळा होतो: महार. मास्तरांचा चेहरा तुमच्या डोळ्यांदेखत बदलतो. ते वळतात आणि आपल्या खोलीत निघून जातात.

बाहेर बैलगाड्या उभ्या आहेत, पण दुप्पट भाडं देऊनही कुणी या मुलांना घेऊन जायला तयार नाही. शेवटी तोड निघते ती अशी, की गाडी मुलांनी हाकायची आणि गाडीवानाने शेजारून चालायचं. रात्री टोलनाक्यावर पाणी मागायची वेळ येते तेव्हा गाडीवान त्याच मुलाला पढवतो, मुसलमान आहोत म्हणून सांग. मुलगा तसं सांगतो. तरीही पाणी मिळत नाही. जवळ डबा असून मुलं उपाशी झोपतात.

तो मुलगा म्हणजे भीमराव रामजी आंबेडकर. ही रात्र त्यांनी पुढे ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये स्वतः लिहून ठेवली. त्यांनी निवडलेली वाट महाडच्या तळ्यावरून नागपूरच्या दीक्षाभूमीकडे गेली, बुद्धाकडे गेली. तुमचा आजचा प्रवास वेगळ्या वाटेचा आहे, ख्रिस्ताच्या वाटेचा. पण मसूरला उतरल्याशिवाय पुढे जाता येत नाही, कारण मनावर बसणारी एक लाज कशी तयार होते ते इथे उघड दिसतं. मुलाने काही केलेलं नाही. अपराध मास्तरांचा आहे, गाडीवानाचा आहे, नाकेदाराचा आहे. आणि आपण कोण हे लपवावं मात्र मुलाला लागतं.

हे एवढं ध्यानात ठेवा आणि पुढच्या गाडीत बसा.

मिरज, १९०८

कऱ्हाड मागे पडतं, कृष्णेकाठचा ऊस मागे पडतो. ‘सांगली जिल्हा’ हे नाव अजून अस्तित्वात नाही. तासगाव सातारा जिल्ह्यात मोडतं आणि मिरज पटवर्धनांच्या संस्थानात. मिरजेला उतरताना तुम्ही बघे राहिलेले नाही. आता तुम्ही तासगावकडचे एक शेतकरी आहात, आणि तुमच्या पाठीवर एक फिकट चट्टा आहे.

आधी तो कुणाला दिसला नाही. मग एकदा चुलीतला निखारा हाताला चिकटला आणि चामडी जळाल्याचा वास आला तेव्हा तुम्हाला कळलं, कारण दुखलं नव्हतंच. मग बोटं वाकायला लागली. तळपायाला जखम झाली, ती भरेना. गावाने चट्ट्याला नाव दिलं: महारोग. तुमची झोपडी गावाबाहेर गेली. भाकरी लांबून टाकली जाऊ लागली. आणि भाकरीपेक्षा जड असं एक वाक्य रोज तुमच्या पुढ्यात पडू लागलं, की मागच्या जन्मी काहीतरी घोर केलं असणार. ते काय केलं हे कुणालाच ठाऊक नाही, त्यामुळे त्याची भरपाई करता येत नाही आणि माफीही मागता येत नाही. गुन्हा न सांगता शिक्षा भोगायला लावणारं असं हे न्यायालय. १८९८चा कायदाही तुमच्या मागे लागला आहे. इंग्रजी मुलखात तो जिथे लागू आहे तिथे, भीक मागत फिरणाऱ्या महारोग्याला पोलीस पकडून कोंडू शकतात.

मिरजेत मिशनचा दवाखाना आहे एवढं तुम्ही ऐकलं आहे. विल्यम वानलेस नावाचे कॅनडात जन्मलेले डॉक्टर १८८९ साली सांगलीला आले आणि १८९४ साली त्यांनी मिरजेचं इस्पितळ उघडलं. १९०० साली त्याच मिशनने इथे महारोग्यांसाठी आश्रम सुरू केला. तुम्ही चालत तिथे पोचता. दाराशी पोचल्यावर सवयीने लांब उभे राहता.

एक जण बाहेर येतो, तुम्हाला आत नेऊन बाकावर बसवतो आणि तुमचा पाय आपल्या मांडीवर घेतो. चिकटलेली चिंधी पाण्याने भिजवून सोडवतो, जखम धुतो, औषध लावतो, पट्टी बांधतो. पायाला स्पर्श समजत नाही. तो स्पर्श तुम्ही डोळ्यांनी पाहता. कित्येक वर्षांत कुणी तुम्हाला हात लावलेला नाही, आणि आज लावला तर तो नेमका तिथे, जिथे तुम्हाला काही जाणवत नाही. तरी गळा दाटतो. पट्टी बांधून झाल्यावर तो माणूस विचारतो, नाव काय तुमचं? गावाने तुम्हाला रोगाचं नाव दिल्यापासून हा प्रश्न कुणी केलेला नव्हता.

संध्याकाळी सगळे एकत्र बसतात. एक जण योहानाच्या शुभवर्तमानातली गोष्ट वाचतो. वाटेत एक जन्मांध बसला आहे. शिष्य येशूला विचारतात, पाप कुणाचं, याचं की याच्या आईबापाचं? तुमचे कान टवकारतात. यहुद्यांच्या देशातली माणसं तासगावच्या चावडीवरचाच प्रश्न विचारत आहेत! उत्तर काय येणार हे तुम्हाला पाठ आहे. पण येशू सांगतो की याचंही नाही आणि आईबापाचंही नाही. मग तो त्या आंधळ्याच्या डोळ्यांना स्वतःच्या हाताने चिखल लावतो.

तुम्ही वाचणाऱ्याला ती ओळ पुन्हा वाचायला लावता.

इथे कुणी तुम्हाला बरं झाल्याचं खोटं सांगत नाही. रोगाचा जंतू नॉर्वेच्या हान्सेनने १८७३ सालीच शोधला आहे, पण औषध म्हणाल तर कडू कवठीच्या जातीचं चौलमुग्रा तेल, जे पोटात गेलं की मळमळतं आणि ज्याचा गुण थोडाच. खरा उतार पाडणारं डॅप्सोन यायला १९४० नंतरचं दशक उजाडेल आणि बहुविध औषधोपचाराची शिफारस १९८१ साली होईल. तुमची बोटं सरळ होणार नाहीत. तरीही त्या रात्री तुमच्यातून काहीतरी निघून गेलेलं आहे. रोग होता तिथेच आहे, पण तो तुमच्या पापाची पावती राहिलेला नाही.

या आश्रमांच्या काळालाही त्याच्या मर्यादा होत्या. अशा आश्रमांत बायका आणि पुरुष वेगळे ठेवत, निरोगी लेकरं आईबापांपासून दूर वाढवत. ज्यांनी स्पर्शाला भिऊ नये म्हणून शिकवलं, त्यांनीच कधी मायेच्या आड भिंतीही बांधल्या. आणि समाजाला हा डाग पुसायला किती वेळ लागावा? १८९८चा तो कायदा २०१६ साली रद्द झाला, आणि कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण म्हणून कायद्यातून गेलं ते २०१९ साली. कायद्याला शंभराहून जास्त वर्षं लागली ते काम मिरजेच्या एका बाकावर एका माणसाने पट्टी बांधताना करून टाकलं होतं.

पण आश्रमातल्या तिसऱ्या-चौथ्या रात्री तुम्हाला झोप येत नाही, आणि त्याचं कारण नवं आहे. मागच्या जन्मीचं न केलेलं पाप डोक्यावरून उतरलं तसं या जन्मीचं केलेलं दिसायला लागलं आहे. चट्टा दिसला त्या वर्षी तुम्ही सगळा राग बायकोवर काढला होता. हात उचलला होता, एकदा नव्हे. ‘माझं नशीबच फुटकं’ म्हणत तुम्ही ते त्या मोठ्या, अज्ञात पापाखाली दडवून ठेवलं होतं. आता ते उघडं पडलं आहे. हे ओझं दुसऱ्या कुणी ठेवलेलं नाही. हे तुमचं आहे, आणि ते घेऊन तुम्हाला पुढे जायचं आहे.

सातारा, १९१८

दहा वर्षं पुढे, आणि रुळांवरून मागे. सातारा रोडला उतरून तुम्ही गावात येता. डोक्यावर अजिंक्यतारा. ज्या घरात तुम्हाला जायचं आहे तिथून टाळांचा आवाज येतो आहे. तुम्ही थबकता: हे ख्रिस्ती माणसाचं घर ना? हो, त्याचंच. आत भगवी वस्त्रं घातलेले, छप्पन-सत्तावन्न वर्षांचे एक गृहस्थ भजन म्हणत बसले आहेत. नारायण वामन टिळक.

कोकणातल्या करजगावला जन्मलेला हा चित्पावन कवी. १८९३ साली आगगाडीत एका गोऱ्या प्रवाशाने त्यांच्या हाती नवा करार दिला. डोंगरावरचं प्रवचन त्यांनी वाचलं आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. १९१७ साली मिशनची पगाराची नोकरी सोडून ते ख्रिस्ती संन्यासी झाले आणि साताऱ्यात त्यांनी ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, दोघांनाही या दरबारात जागा आहे. येशूला मानणं पुरे, आधी कुठल्या वहीत नाव लागायला हवं असं नाही. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो असं ते सांगतात, आणि त्यात त्यांना काही विसंगत वाटत नाही.

तुम्हालाही वाटत नाही. आपण पतित आहोत हे मोठ्याने म्हणायची लाज मराठी माणसाला कधी नव्हतीच. पंढरीच्या वाळवंटात शतकानुशतकं लोक ते टाळ वाजवून म्हणत आले. ‘पतितपावन’ हे नाव देवाला त्यांनीच दिलं. टिळकांनी ही जुनी कबुली ख्रिस्ताच्या पायाशी आणली, आणि आणताना टाळ, अभंग, कीर्तन सगळं बरोबर आणलं. धर्म बदललेल्या अनेकांना त्या काळी एक नवीच लाज चिकटत होती, आपल्या भाषेची, आपल्या गाण्याची, जमिनीवर मांडी घालून बसण्याची. टिळकांची गाणी म्हणताना ती लाज गळून पडते. मराठी ख्रिस्ती मंडळ्यांच्या ‘उपासना संगीता’त ती गाणी आजही आहेत.

पण तुम्ही ज्यासाठी आलात ते ओझं वेगळं आहे. म्हणून तुमची नजर लक्ष्मीबाईंकडे जाते.

या बाईंच्या माहेरी वडिलांना सोवळ्याचं असं वेड, की बाजारातून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात यायची नाही. अशा घरातल्या मुलीचा नवरा एके दिवशी ख्रिस्ती होतो, आणि बायकोला हे आधी धड सांगतही नाही. तिने काय करावं? काही वर्षं ती वेगळी राहिली. नवऱ्याने केलेल्या गोष्टीची लाज तिला वागवावी लागली. पुढे ती त्यांच्याजवळ आली तीही आपलं सोवळं सांभाळून, वेगळी चूल मांडून. मग तिने स्वतः विचार करून ठरवलं की जाती देवाने केलेल्या नाहीत, माणसांनी केल्या आहेत, आणि ज्या हातचं कधी प्यायली नसती त्या हातचं पाणी प्यायली. १९०० साली तिने बाप्तिस्मा घेतला, तो नवऱ्यामागे फरपटत जाऊन नव्हे.

हिला विचारावंसं वाटतं, त्यांनी केलं ते तुम्ही विसरलात? उत्तरासाठी थोडी वाट पाहावी लागते. ‘स्मृतिचित्रे’चे भाग १९३४ पासून प्रसिद्ध होऊ लागतात आणि त्यात टिळकांचा संताप आहे, घर सोडून निघून जाणं आहे, संसाराची फरफट आहे, आणि त्यांचं लेकरासारखं मनही आहे. नवऱ्याला देव करण्यासाठी तिने काही झाकलं नाही आणि त्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करण्यासाठी काही फुगवलं नाही. स्वतःचं अज्ञान, स्वतःचे हट्ट तिने तितक्याच मोकळेपणाने सांगितले. मला क्षमेचा याहून चांगला पुरावा ठाऊक नाही. क्षमा झाली की घडलेलं नाहीसं होत नाही, ते सांगता येऊ लागतं.

हा दरबार फार टिकला नाही. ९ मे १९१९ रोजी टिळक मुंबईत वारले. त्यांचं अपुरं राहिलेलं ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी पुढे लिहिलं. ज्या माणसाच्या निर्णयाने एकदा तिचं आयुष्य मोडलं होतं, त्याचंच अपुरं काम तिने आपल्या हाताने पुढे नेलं.

तासगावच्या त्या शेतकऱ्याला, म्हणजे तुम्हाला, साताऱ्यात एवढं कळतं, की बायकोपाशी जायला हवं. ती काय म्हणेल हे तिच्या हाती आहे. जाणं तुमच्या हाती आहे.

पाचगणी, १९६८

साताऱ्याहून वाई, वाईहून पसरणीचा घाट चढून पाचगणी. टेबललँडच्या पठाराखाली एक नवं केंद्र उभं राहिलं आहे, एशिया प्लॅटो. राजमोहन गांधी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उभारलेलं. त्यामागची चळवळ तेव्हा ‘मॉरल रिआर्मामेंट’ म्हणून ओळखली जाई, आज तिचं नाव ‘इनिशिएटिव्हज ऑफ चेंज’. इथे सगळ्या धर्मांची माणसं येतात, कुणी कुणाला धर्म बदलायला सांगत नाही. पण या चळवळीचं मूळ ख्रिस्ती आहे, आणि ते एका माणसाच्या अपराधी मनात सापडतं.

साल १९०८. तुम्ही मिरजेच्या बाकावर बसला होता तेच वर्ष. इंग्लंडमध्ये केझिक गावी फ्रँक बुकमन नावाचा अमेरिकन पाद्री एका लहानशा चॅपेलमध्ये येऊन बसला. मुलांच्या वसतिगृहाचं त्याचं काम संचालक मंडळाशी पैशांवरून झालेल्या भांडणात सुटलं होतं, आणि त्या सहा जणांचा राग तो समुद्रापार घेऊन आला होता. एक बाई ख्रिस्ताच्या वधस्तंभावर बोलत होत्या. बोलणं ऐकता ऐकता त्याला दिसलं की चूक त्या सहा जणांची असेल, पण मनात जपलेला द्वेष आपला आहे. त्याने बसून सहा पत्रं लिहिली आणि सहाही जणांची क्षमा मागितली.

एकाचंही उत्तर आलं नाही. तरी तो मोकळा झाला. क्षमा मागणं हे समोरच्याने पावती देण्यावर अवलंबून नसतं, हे त्या सहा न आलेल्या उत्तरांनी शिकवलं.

पाचगणीत सकाळी सगळे काही वेळ शांत बसतात, हातात वही. इथे तुम्ही शेतकरी नाही आणि बघेही नाही. तुम्ही तुम्हीच आहात. वहीत काय लिहायचं? आतापर्यंतच्या थांब्यांनी ते सांगितलं आहे. एका बाजूला जे मसूरचं आहे ते: जातीवरून, रंगावरून, आजारावरून, मूल न होण्यावरून, नवरा गेल्यावरून, कर्ज फिटलं नाही म्हणून लोकांनी तुमच्यावर टाकलेलं. ज्या बाईवर अत्याचार झाला, ज्या लेकरावर घरच्याच माणसाने हात टाकला, त्यांनी वाहिलेली लाज याच बाजूची. तिची कबुली द्यायची नसते. ती ज्याची आहे त्याच्या दारात परत टाकायची असते, आणि गरज पडली तर पोलिसांच्या मदतीने. अशा माणसाला ‘तू क्षमा कर, तू पश्चात्ताप कर’ असं जे सांगतात, मग ते देवळात सांगोत की चर्चमध्ये, ते शिष्यांचा प्रश्न पुन्हा विचारत असतात आणि येशूचं उत्तर गाळत असतात. चर्चमध्येही हे होतं. चर्चमध्ये जातही शिरली आणि टिकली, हे नाकारून चालणार नाही.

दुसऱ्या बाजूला जे खरोखर तुमचं आहे ते: उचललेला हात, भावाचा दाबलेला हिस्सा, खोटं बिल, पाठ फिरवलेली म्हातारी आई. याला ‘नशीब’ म्हणून सुटका नाही, ‘सगळेच करतात’ म्हणूनही नाही.

आता लूकच्या शुभवर्तमानातल्या जक्कयाकडे पाहा. जकात वसूल करणारा, लोकांना नाडून गब्बर झालेला. येशूला पाहायला तो झाडावर चढतो. येशू खालून हाक मारतो आणि त्याच्याच घरी मुक्कामाला जातो. सगळं गाव कुरकुरतं. त्यानंतर जक्कय उभा राहून सांगतो, की अर्धी मालमत्ता गरिबांना देतो आणि ज्याला लुबाडलं त्याला चौपट परत करतो. गोष्टीतला क्रम बघा. येशू आधी घरी आला, हिशेब नंतर झाला. मिरजेतही असंच घडलं होतं. पाय आधी मांडीवर घेतला गेला, पापाचं बोलणं पुढे कधीतरी निघालं. साताऱ्याच्या दरबारातही माणूस आधी आत बसला, नोंद झाली की नाही हे कुणी विचारलं नाही.

लाज याच्या बरोबर उलटं सांगत असते: आधी स्वच्छ हो, मग ये. ज्याला स्वतःला स्वच्छ करता येत नाही तो मग येतच नाही. तो लपतो, दारू पितो, चिडतो, दुसऱ्याला खाली पाडतो. ख्रिस्ताच्या श्रद्धेने या मुलखात ज्यांना सोडवलं, त्यांना क्रम उलटा करून सोडवलं. आधी जवळ घेतलं, म्हणून खरं बोलायचं बळ आलं. खरं बोललं, म्हणून परतफेड सुरू झाली. कुणी तुम्हाला प्रेमाआधी कबुली मागत असेल, तर तो ख्रिस्ताच्या नावाने बोलत असला तरी ख्रिस्ताची रीत पाळत नाही. आणि कुणी प्रेम देऊन परतफेडीचं नावच काढू नको म्हणत असेल, तर त्याने जक्कयाची गोष्ट अर्धीच वाचली आहे.

प्रवास इथे संपतो आणि काम सुरू होतं. वहीतली पहिली बाजू एका विश्वासाच्या माणसाला मोठ्याने वाचून दाखवा आणि हे माझं नाही एवढं त्याच्यासमोर म्हणा. दुसऱ्या बाजूतलं एक नाव निवडा, एकच. त्याला पत्र लिहा, किंवा त्याच्या घरी जा. काय केलं ते सबबी न जोडता सांगा, देणं असेल ते बरोबर न्या. समोरचा बोलेल किंवा बोलणार नाही. तुम्ही देवाने आधीच जवळ घेतलेले आहात, हे त्याच्या उत्तरावर ठरत नाही. तिथून परत आलात की दुसरं नाव.